पदव्युत्तर विद्येचा कारभार कोणाच्या हाती?

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत सकाळी अकराच्या सुमारास जाणाऱ्या कोणालाही एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पदव्युत्तर विभागाच्या खिडकीसमोर दहाबारा तरुण-तरुणी कागदांची पाकिटे छातीशी धरून उभी असतात. कोणी रात्रीच्या एस.टी.ने आलेला असतो. कोणी महाविद्यालयातील तासिका बुडवून, म्हणजेच त्या दिवसाच्या मानधनावर पाणी सोडून, आलेली असते. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : ‘माझ्या प्रकरणाचे काय झाले?’ आणि खिडकीआडच्या लिपिकाचे उत्तरही बहुधा एकच असते : ‘फाइल वर गेली आहे.’ हे ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते. आणि खरे सांगावयाचे तर उत्तर देणाऱ्यालाही ते नेहमी ठाऊक असते असे नाही.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकविले आहे. या ‘वर’चा अनुभव त्याला एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने आला. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या स्थलांतरावर ती पीएच.डी.साठी काम करीत होती. तीन तालुक्यांऐवजी दोनच तालुके घ्यावेत, म्हणजे काम सखोल होईल, असे वर्षभराच्या भटकंतीनंतर तिच्या व तिच्या मार्गदर्शकांच्या ध्यानी आले. विभागातील चार अध्यापकांनी तिचे म्हणणे ऐकले, काही प्रश्न विचारले आणि वीस मिनिटांत संमती दिली. विद्वत्तेचा भाग तेथेच संपला. मात्र शीर्षकातील त्या एका बदलावर शिक्कामोर्तब होण्यास चौदा महिने लागले. मान्यता समितीची एक बैठक बाहेरचे तज्ज्ञ न आल्यामुळे तहकूब झाली. मग कुलगुरूंची मुदत संपली आणि त्यांच्याबरोबर अधिष्ठात्यांचीही संपली. प्रभारी आले, आणि ‘धोरणात्मक बाब असल्याने नूतन कुलगुरूंपुढे ठेवावी’ असा शेरा नस्तीवर पडला. दोन तालुके की तीन, ही धोरणात्मक बाब! त्या चौदा महिन्यांत तिच्या अधिछात्रवृत्तीची मुदत मात्र कोणासाठी थांबून राहिली नाही.

या प्रकरणात कोणी लाच मागितली नाही, कोणी आकस धरला नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे काम केले. म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे. ज्या निर्णयाला विषयाचे ज्ञान लागत होते तो निर्णय विषय जाणणाऱ्यांनी वीस मिनिटांत घेतला. पण त्यांच्या निर्णयाला स्वतःचे असे काही बळ नव्हते. बळ होते ते ज्यांनी तो विषय कधी हाताळला नव्हता अशांच्या स्वाक्षऱ्यांना. पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांचा कारभार कोणी करावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ अध्यापकांच्या मानापमानाचा नाही. विद्येचे काम वेळेवर आणि नीट व्हावयाचे असेल तर अधिकार कोठे असावा, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाची मुळे आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहेत. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी कचेरी म्हणून. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम होते. विद्यापीठाला स्वतः शिकविण्याची, प्राध्यापक नेमण्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने. तो कायदा लॉर्ड कर्झन यांचा. विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट करणे हा त्याचा उघड हेतू होता आणि देशभर त्याला विरोधही झाला. पण त्याच कायद्यातील शिकविण्याच्या कलमाचा उपयोग करून कलकत्त्यास आशुतोष मुखर्जी यांनी जे उभे केले, ते आजही अभ्यासावे असे आहे.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन आपल्या हाती एकत्र केले आणि त्याच्या कारभारासाठी कला व विज्ञान अशा दोन पदव्युत्तर परिषदा स्थापन केल्या. या परिषदांचे वैशिष्ट्य त्यांच्या रचनेत होते. पदव्युत्तर वर्गांना शिकविणारे अध्यापक हेच मुख्यतः या परिषदांचे सदस्य होते. त्यांतून कार्यकारी समित्या होत, आणि प्रत्येक विषयासाठी उच्च अध्ययनाचे स्वतंत्र मंडळ असे. अभ्यासक्रम कोणता असावा, कोणी काय शिकवावे, परीक्षक कोण असावेत याचा विचार प्रथम शिकविणाऱ्यांच्या बैठकीत होई आणि मग तो अधिसभेपुढे जाई. अंतिम अधिकार अधिसभेचाच होता, पण आरंभ अध्यापकांकडून होई. याच वर्षी चंद्रशेखर व्यंकट रामन हे सरकारी हिशेबखात्यातील नोकरी सोडून तेथे पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापक झाले. याच वर्षी आपल्या देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल अध्यासन स्वीकारले आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे सांभाळले. पुढे १९२१ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर आले. पुण्याचा एक भांडारकर, दक्षिणेतील एक रामन आणि एक राधाकृष्णन यांना एका बंगाली विद्यापीठात घर वाटावे, ही किमया पगाराची नव्हती. तेथे त्यांना आपल्या विषयाच्या कारभारात शब्द होता.

ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. विषय फार, विद्यार्थी थोडे आणि खर्च अवाढव्य, अशी टीका तिच्यावर झाली; आणि ती करणाऱ्यांत शिवचरित्रामुळे महाराष्ट्रास सुपरिचित असलेले जदुनाथ सरकार यांच्यासारखा कडक शिस्तीचा विद्वान होता. पुढे १९२६ ते १९२८ या काळात तेच त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तात्पर्य, अध्यापकांच्या हाती कारभार दिला की सारे आपोआप सुरळीत होते, असा भाबडा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पैशाची बाजू त्या परिषदांना सांभाळता आली नाही, आणि पैशाची बाजू दुबळी झाली की स्वायत्ततेचा गळा आवळणे सोपे जाते. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अनुदान देऊ केले ते अटी घालून. आशुतोषांनी त्या अटी नाकारल्या. १९२३ मध्ये कुलपती असलेल्या लॉर्ड लिटन यांनी पुन्हा कुलगुरुपद देऊ केले, तेही सरकारशी जुळवून घेण्याच्या अपेक्षेने. आशुतोषांनी ते पदही नाकारले. पुढच्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, त्यांचे निधन झाले. शंभर वर्षांनंतरही आपल्या विद्यापीठांपुढे तोच पेच आहे; फरक इतकाच की, पद नाकारणारे आज क्वचितच भेटतात.

मुंबई प्रांताची वाटचाल याहून सावकाश झाली. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग काढला आणि पॅट्रिक गेडीस हे समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी या विभागातून संशोधकांची एक पिढी घडविली. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. ज्ञानाची नवनिर्मिती करणारे विद्यापीठ हे स्वप्न या साऱ्यांमागे होते. परंतु या विद्यापीठांची मूळ प्रकृती संलग्न महाविद्यालयांना सांभाळण्याची राहिली. विद्यापीठाच्या आवारातील विभाग मूठभर, आणि बाहेर शेकडो महाविद्यालये, त्यांच्या संस्था, त्यांचे प्राचार्य, त्यांच्या परीक्षा, त्यांचे निकाल! साहजिकच कारभाराची सारी यंत्रणा या प्रचंड पसाऱ्यासाठी बेतली गेली. पदव्युत्तर विभाग तिच्यात पाहुण्यासारखे राहिले.

आज लागू असलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ पाहिला तर हे लक्षात येईल. त्या अधिनियमाप्रमाणे अधिसभेवर संलग्न महाविद्यालयांतील दहा अध्यापक, दहा प्राचार्य, दहा नोंदणीकृत पदवीधर आणि संस्थाचालकांचे सहा प्रतिनिधी निवडून येतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतील अध्यापकांचे निवडून आलेले प्रतिनिधी किती? तीन. महाविद्यालयांचे प्रतिनिधी अधिक असावेत यात गैर काही नाही. विद्यार्थ्यांची मोठी संख्या तेथेच शिकते. परंतु ज्या सभागृहात अर्थसंकल्पाची चर्चा व्हावयाची, तेथे संशोधनाच्या गरजा सांगणारे आवाज इतके थोडे असतील, तर प्रयोगशाळेच्या उपकरणापेक्षा परीक्षा केंद्राचे प्रश्नच तेथे गाजणार, हे उघड आहे.

अधिष्ठातापदाचेही असेच झाले आहे. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचे सदस्य आपल्यातून अधिष्ठाता निवडीत असत. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखांची संख्या चारवर आणली आणि अधिष्ठाता हा निवड समितीमार्फत नेमला जाणारा पूर्णवेळ वेतनधारी अधिकारी झाला. त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधली गेली. परिणाम असा की कुलगुरू निवृत्त झाले की सारी शैक्षणिक फळी एका दिवसात प्रभारी होते. शिवाय मानव्यविज्ञान या एकाच विद्याशाखेत भाषा, इतिहास आणि विधी यांसारखे भिन्न प्रकृतीचे विषय एकत्र आले. संस्कृतच्या पाठचिकित्सेचा प्रबंध आणि विधिशास्त्राचा प्रबंध यांची उस्तवार एकाच टेबलावर होणार, आणि त्या टेबलामागे बसणारा माणूस आपल्या अध्यापक सहकाऱ्यांना नव्हे तर वरिष्ठांना जबाबदार असणार. यात त्या व्यक्तीचा दोष नाही. ज्याची नेमणूक वरून होते त्याचे कानही वरच्या दिशेनेच लागलेले असतात.

तथापि हा बदल का करावा लागला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निवडणुकांची जुनी पद्धत मोडली ती केवळ सरकारच्या लहरीने नव्हे. तिला आपण अध्यापकांनीच बदनाम केले होते. अभ्यास मंडळाच्या निवडणुकीत पाठ्यपुस्तक कोणाचे लागणार यावर गट पडत. अधिष्ठातापदासाठी संस्थाचालकांच्या बंगल्यांवर बैठका होत. परीक्षकांच्या याद्या म्हणजे मतांची परतफेड, असे उघड बोलले जाई. बारभाईंचे कारस्थान इतिहासात यशस्वी झाले असेल. विद्यापीठात मात्र बारा गटांच्या बारभाईत विद्या पोरकी झाली. त्यामुळे ‘निवडणुका नकोत, नेमणुका करा’ असे म्हणणाऱ्यांच्या टाळ्यांत कित्येक सज्जन अध्यापकांच्याही टाळ्या मिसळल्या. स्वराज्याचा उपयोग नीट केला नाही तर ते काढून घेणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

पण रोग खरा असला म्हणून दिलेले औषध योग्यच असते असे नाही. नेमणुकांनी गटबाजी संपली का? ती अधिसभेच्या मैदानातून निघून कुलगुरूंच्या दालनाबाहेरच्या बाकांवर जाऊन बसली, इतकेच. पूर्वी मते मागावी लागत, आता मर्जी राखावी लागते. मत मागणाऱ्याला निदान दहा लोकांपुढे उभे राहावे लागे आणि हरण्याची भीती असे; मर्जी राखणाऱ्याला एकाच दारात उभे राहून भागते. आणि वरून आलेला निर्णय चुकला तर तो चुकतो आहे हे वेळेवर सांगणारे कोणी उरत नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने साऱ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला. त्याच वेळी अध्यापकांच्या शंका ऐकून एखाद्या विद्याशाखेत तो आधी करून पाहता आला असता. तसे झाले नाही. निकाल महिनोन्महिने रखडले, हजारो विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश टांगणीला लागले, आणि अखेर त्याच वर्षी कुलपतींना कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. विचारविनिमय म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्यांनी त्या वर्षी गेलेल्या वेळेचा हिशेब मांडून पाहावा.

येथे कोणी म्हणेल की, कारभार हे कारभाऱ्यांचे काम आहे. प्राध्यापकांनी शिकवावे आणि लिहावे. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. वेतन, भांडार, बांधकाम, सेवापुस्तके, माहितीच्या अधिकारातील अर्ज, न्यायालयीन प्रकरणे ही कामे प्रशिक्षित प्रशासनाचीच आहेत. आणि या प्रशासनाविषयी जे तुच्छतेने बोलले जाते त्यात प्रस्तुत लेखक सामील होऊ इच्छीत नाही. पदव्युत्तर विभागाच्या खिडकीआड बसणारा लिपिकच अनेकदा एकमेव असा माणूस असतो की ज्याला नियम, त्यातील दुरुस्ती आणि दुरुस्तीवरील परिपत्रक ही तिन्ही पाठ असतात. तीन जागांचे काम तो एकटा ओढतो आणि तिन्ही जागांच्या शिव्या एकटा खातो. त्याच्या कामाला सन्मान हवा आणि त्याच्या रिकाम्या शेजारच्या खुर्च्यांवर माणसे हवीत. पण प्रबंधाचा विषय योग्य आहे का, परीक्षक त्या विषयाचा जाणकार आहे का, अभ्यासक्रमातून कोणता ग्रंथ काढावा आणि कोणता घालावा, हे ठरविण्याचे ओझे त्याच्यावर टाकणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे. आपली अडचण अशी की या दोन प्रकारच्या कामांची सरमिसळ झाली आहे. प्राध्यापकाचा दिवस खरेदीची तीन दरपत्रके जमविण्यात जातो, आणि प्रबंधाच्या शीर्षकावर कक्ष अधिकारी टिपणी लिहितो.

हे वेगळे करता येते, हे इतरत्र दिसून आले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील अध्यापकांनी १९१९-२० च्या सुमारास एकजुटीने मागणी करून अभ्यासक्रमाविषयीचे अधिकार आणि आपल्या समित्या आपण नेमण्याचा हक्क विश्वस्तांकडून मिळविला. नेमणुका व अर्थसंकल्प यांबाबत त्यांचा सल्ला घेण्याची प्रथा पडली. प्रशासन प्रशासकांकडे राहिले आणि विद्येचा निर्णय विद्वानांकडे. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने काम केले, आपले जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. या आयोगाने स्वायत्ततेचे तीन स्तर सांगितले, आणि त्यांतील पहिला होता विद्यापीठाच्या आतला : विभाग, महाविद्यालये, अध्यापक व विद्यार्थी यांची विद्यापीठाच्या संदर्भातील स्वायत्तता. विभागांना अधिक प्रशासकीय व आर्थिक अधिकार द्यावेत आणि विभागप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली विभागाची समिती असावी, असेही आयोगाने सुचविले. आपण मंत्रालय आणि विद्यापीठ यांच्यातील स्वायत्ततेवर पन्नास वर्षे भाषणे केली. विद्यापीठ आणि विभाग यांच्यातील स्वायत्तता मात्र भाषणांतूनही हरवली. जे कुलगुरू सरकारकडे स्वातंत्र्य मागतात, तेच विभागप्रमुखाला एका टेबलाच्या खरेदीचेही स्वातंत्र्य देत नाहीत.

अधिकारांचा विचार करताना माणसांचा विचार टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. आणि मार्गदर्शक हा कायम अध्यापक असावा लागतो. समजा, एखाद्या विभागात दोन प्राध्यापक, तीन सहयोगी व पाच सहायक अशा दहा जागा मंजूर आहेत. त्या भरलेल्या असतील तर चौपन्न विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी मिळते. त्यांपैकी एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि दोन सहायक एवढेच उरले असतील, तर ही संख्या बावीसवर येते. उरलेल्या बत्तीस मुलामुलींना कोणी नापास केलेले नसते. त्यांच्यासाठी खुर्चीच नसते. तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्ग घेतात, पेपर तपासतात, पण ते मार्गदर्शक होऊ शकत नाहीत आणि समित्यांवर बसू शकत नाहीत. मग चार कायम अध्यापक सर्व समित्यांवर बसतात, आणि एकमेकांचेच प्रस्ताव एकमेकांपुढे ठेवतात. अशा विभागाला कागदोपत्री कितीही स्वायत्तता दिली तरी ती ओसाड गावाला ग्रामपंचायत दिल्यासारखी होईल. रिक्त जागा भरणे ही म्हणूनच स्वायत्ततेची पहिली पायरी आहे.

दुसरी गोष्ट अध्यापकांनी स्वतः मान्य करावयाची आहे. अध्यापकांचा कारभार म्हणजे विभागप्रमुखाचा कारभार नव्हे, आणि मार्गदर्शकाचा तर नव्हेच. संशोधक विद्यार्थ्याच्या आयुष्यावर मार्गदर्शकाची जेवढी सत्ता चालते तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची चालत असेल. त्या सत्तेचा गैरवापर करणारे आपल्यात आहेत, हे आपण जाणतो आणि त्यावर मौन पाळतो. विद्यार्थ्याला घरची कामे सांगणारे, त्याच्या लेखावर आपले नाव आधी घालणारे, प्रकरण सहा-सहा महिने न वाचता ठेवणारे मार्गदर्शक ज्या विभागात सुखेनैव नांदतात, त्या विभागाने स्वायत्तता कोणत्या तोंडाने मागावी? संशोधन सल्लागार समितीने दर सत्राला विद्यार्थ्याचे काम ऐकावे, असा नियम आहे. ती बैठक खरोखर होते की तिच्या कागदावर फक्त सह्या होतात, याचे उत्तर देण्याची जबाबदारी मंत्रालयाची नाही, आपली आहे.

काय करता येईल? सुदैवाने, पुष्कळ गोष्टींसाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. विद्यापीठाच्या परिनियमांत आणि कुलगुरूंच्या एका आदेशात त्या बसू शकतात. प्रबंधाच्या शीर्षकातील व क्षेत्रातील बदल, सहमार्गदर्शकाची नेमणूक, मुदतीतील नियमांत बसणारी वाढ, हे निर्णय विभागाच्या समितीने घ्यावेत आणि वर केवळ कळवावेत. वरून एक महिन्यात लेखी व सकारण हरकत आली नाही तर ते मान्य समजावेत. प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेच्या निकालापर्यंतचे काम सहा महिन्यांत व्हावे, ही अपेक्षा आयोगाच्या नियमांतच आहे. प्रत्येक प्रबंध आज कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे विद्यापीठाने दर महिन्यास विभागाच्या फलकावर लावावे. यासाठी मोठा खर्च येत नाही. थोडी लाज लागते.

विभागप्रमुखपद फिरते असावे आणि त्याची मुदत ठरलेली असावी, म्हणजे ते पद जहागीर होणार नाही. विभागाच्या समितीत संशोधक विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असावा. मार्गदर्शकाविरुद्धची तक्रार मात्र त्या विभागाबाहेरच्या अध्यापकांपुढे चालावी. प्रत्येक समितीचे इतिवृत्त पंधरा दिवसांत प्रसिद्ध व्हावे. परीक्षकांची गोपनीय यादी वगळता पदव्युत्तर कारभारात असे काय आहे की जे झाकून ठेवावे? विभागाला वर्षाकाठी एक ठराविक रक्कम स्वतःच्या अखत्यारीत खर्च करू द्यावी आणि वर्षाअखेर तिचा चोख हिशेब घ्यावा. कलकत्त्याच्या परिषदांचा दुबळा दुवा पैशाचा होता, हे विसरता कामा नये. ज्याला हिशेब देता येत नाही त्याने अधिकार मागू नये.

अधिष्ठात्याविषयी मध्यम मार्ग काढता येण्याजोगा आहे. निवड समितीने निवड जरूर करावी. परंतु त्यापूर्वी त्या विद्याशाखेतील अध्यापकांचे मत लेखी घ्यावे आणि ते समितीपुढे ठेवावे. आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीपासून सोडवावी. यासाठी मात्र विधिमंडळाला दुरुस्ती करावी लागेल. ती दुरुस्ती कोणत्याही पक्षाला अडचणीची नाही, आणि तिला पैसाही लागत नाही. कुलगुरू येतील आणि जातील; प्रबंधांचे काम एका माणसाच्या निवृत्तीबरोबर थांबू नये, एवढेच तिचे मागणे आहे.

हे सारे वाचून एखादा विद्यार्थी विचारील, ‘यात आमचा काय लाभ?’ त्याने त्या खिडकीसमोरचे दृश्य आठवावे. पूर्वी पदव्युत्तर शिक्षणास येणारे बहुतेक जण शहरातील सुस्थित घरांतून येत. वर्ष वाया गेले तरी त्यांची चूल पेटत असे. आज तेथे उभी असलेली मुले पुष्कळदा घरातील पहिलीच पदव्युत्तर पदवी घेणारी असतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांवर त्यांचा खोलीचा खर्च चालतो. त्यांच्यासाठी चौदा महिन्यांचा उशीर म्हणजे लग्नाचा तगादा, म्हाताऱ्या आईबापांचे कर्ज आणि वयाची मर्यादा ओलांडून गेलेली एखादी जाहिरात. कारभारातील ढिलाईची सर्वांत मोठी किंमत नेहमी ज्याच्याजवळ सर्वांत कमी असते तोच देतो.

ज्या विद्यार्थिनीची हकिकत आरंभी सांगितली तिचा प्रबंध अखेर पूर्ण झाला, परीक्षकांनी तो वाखाणलाही. आज ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविते. तिला मार्गदर्शक होता येत नाही, कोणत्याही समितीवर बसता येत नाही. ऊसतोडीच्या दोन तालुक्यांविषयी तिच्याइतके जाणणारे फार थोडे लोक असतील. पण त्या विषयावर उद्या कोणी नवा विद्यार्थी आला, तर त्याच्या प्रस्तावावर तिचे मत घेण्याची सोय आपल्या व्यवस्थेत नाही. त्याची फाइल मात्र नेहमीप्रमाणे वर जाईल. विद्यापीठ म्हणजे मुख्य इमारत की विभागातील ती वीस मिनिटांची बैठक, हे अध्यापकांनी, अधिकाऱ्यांनी आणि शासनाने एकदा ठरविले पाहिजे. ज्यांना विषय कळतो त्यांनी ठरवावे, ज्यांना नियम कळतात त्यांनी ते अमलात आणावे, आणि दोघांनीही विद्यार्थ्याला वेळेवर उत्तर द्यावे, यापलीकडे या कारभाराचे गूढ ते काय आहे?